नाल्याच्या पुराचा इशारा

आबा, तुम्ही गावचे कोतवाल आणि मी धुळ्याच्या कचेरीत टपाल शाखेत कारकून, म्हणून अतिवृष्टीचा इशारा तुम्हाला आधी कळायचा. नियमानं तो कागद धुळ्याहून शिरपूरला, तिथून तलाठ्याकडं आणि मग तुमच्याकडं; तोवर पाऊस येऊन जायचा. मी आपली गावच्या पोस्टात फोन लावायची. पोस्टमास्तर तुम्हाला हाक मारायचे आणि तुम्ही डफ घेऊन दवंडी द्यायला निघायचात. काय रुबाब वाटायचा मला!

त्या वर्षी दोनदा दवंडी दिलीत. दोनदा लोकांनी नाल्याकाठची गुरं वर आणली, बायका भांडीकुंडी घेऊन शाळेत बसल्या, आणि दोन्ही वेळा लख्ख ऊन पडलं. इशाऱ्यात ‘तुरळक ठिकाणी’ एवढंच असायचं. ते ठिकाण कोणतं, हे वेधशाळेला तरी कुठं ठाऊक होतं! पोळ्याला घरी आले, तर आई खापरावर मांडे टाकतेय आणि तुम्ही भरल्या ताटावरून माझ्यावर खेकसताय, “लोके हासतस माले! आते तुना इशारा तुना हापिसमाच ठेव.” असा राग आला मला! तशीच उठले आणि एस्टी धरली.

पंधरा दिवसांनी तिसरा इशारा आला. मी तो टाईप केला, जावक क्रमांक टाकला, टपालात दिला. अगदी नियमाप्रमाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातपुड्यातून पाणी उतरलं आणि काठावर बांधलेली म्हैस सोडायला तुम्ही नाल्यात शिरलात. म्हैस पोहून बाहेर आली. माझा कागद घेऊन तलाठी आला तेव्हा आपल्या दारात तुमचं दहावं चाललं होतं.

आता कचेरीत फॅक्स आहे, उपग्रहाची चित्रं येतात. इशारा शेवटच्या घरापर्यंत गेला पाहिजे, असं साहेब बैठकीत सांगतात आणि मी मान डोलावते. दुसरं काय करू? कागदावर अजूनही ‘तुरळक ठिकाणी’च असतं.

हे पत्र ड्रॉवरमध्येच राहील, कारण आई अजून आहे. तिला मी सांगितलंय, त्या दिवशी लाईन बंद होती. ती अजून फोनवाल्यांना शिव्या देते. आबा, लाईन चालू होती. पोस्टमास्तर “हॅलो, हॅलो” करत होते. मी रिसीव्हर ठेवून दिला. म्हटलं, या खेपेला तुम्हीच विचारा.