मूर्तीच्या तळाला

साओ पाउलो

आई, तुझा आशीर्वाद असू दे. खोकला गेलाय. तुझा गुडघा कसा आहे?

इथल्या संग्रहालयात बाबांनी कोरलेली येमांजा देवी सापडली. खाली पाटी, ‘अज्ञात कारागीर’.

देवीच्या अंगावर माणसानं नाव घालू नये, म्हणून बाबा तळाला कोरायचे, हे आपल्या काशोएरात कुणीही सांगेल. “मूर्ती उलटी करून बघा,” मी म्हटलं, तर तिथल्या बाई म्हणतात, “हात लावू नका, मौल्यवान आहे.” बाबांच्या मूर्तींना तेल चोळत मी मोठी झाले.

शेवटी त्यांनीच उलटली. नाव होतं. तरी म्हणतात, आणखी पुरावा आणा.

तू कोरीवकाम शिकवतेस त्या पोरींना घरोघर पाठव. बाबांच्या प्रत्येक मूर्तीच्या तळाचा फोटो हवा. आणि पोरींना स्वतःचं नाव समोरच कोरायला लाव. बाबा स्वप्नात येऊन रागावले, तर माझं नाव सांग.

तुझी जांदिरा