तीन मेपर्यंत

१० फेब्रुवारी २०२०, लातूर
दोन घास, की पोट भरलं! उरलेली भाकरी शिवकन्याच्या ताटात सरकवली. तिला वाटतं, मी उपास धरलाय. वाटू दे. तीन मेला तिची नीटची परीक्षा. पोरीला डॉक्टर करायचं म्हणून मुरुडचं घर सोडून मायलेकी दोन वर्षं ह्या एका खोलीत काढतोय. त्यात माझ्या पोटाचं रडगाणं नको.

१९ फेब्रुवारी
दुर्बीण घालून तपासलं होतं, त्याचा रिपोर्ट आला. जठराचा कॅन्सर. लिहिलं एकदाचं!

डॉक्टर म्हणाले, "कोलॅजेन ऐकलंय?" न ऐकून काय! रोज सकाळी पुस्तक हातात धरून मीच विचारते — प्राण्यांच्या अंगात सगळ्यात जास्त प्रथिन कोणतं? पोरगी वेणी घालताघालता सांगते. डॉक्टर म्हणाले, शरीर बांधून ठेवणारे धागे तेच. पण गाठीभोवती ते दाट, कडक होऊन बसतात. जठर ताणतच नाही, म्हणून दोन घासांत भरतं. आणि त्याच धाग्यांना धरून कॅन्सरच्या पेशी पुढं सरकतात. "थांबू नका," म्हणाले.

भूकंपात माझं माहेर असंच गेलं. ज्या जाड दगडी भिंतींचा आधार, त्याच अंगावर आल्या.

२० फेब्रुवारी
ह्यांना फोनवर सांगितलं. एकदम ओरडले — "परीक्षा काय, दरसाल येती! आधी दवाखाना. मी निघायलोय." नाही म्हटलं. शेजारच्या खोलीतल्या पोराचा आजा वारला, तर पेपर होईपर्यंत त्याला कळू दिलं नाही. इथं सगळ्याच आया असं करतात. तीन मे झाला, की चार मेला भरती होईन. शपथ घातली, तेव्हा गप्प बसले.

५ मार्च
थकले. कुकरसुद्धा उचलवेना.

१४ मार्च
शिवकन्या म्हणाली, "आई, लई वाळलीस गं." म्हटलं, तुझ्याच काळजीनं! हसली. मला मात्र भीती वाटते. आता कुठवर सरकल्या असतील त्या पेशी?

२७ मार्च
लॉकडाऊन. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुपारी मोबाइलवर आलं — परीक्षा पुढं ढकलली! मेअखेर म्हणे, तेही नक्की नाही. मला रडूच फुटलं. शिवकन्यानं पुस्तक टाकलं, मला जवळ घेतलं.

"का रडायलीस, आई? बरं झालं की! अजून वेळ मिळाला आपल्याला."