भिंतीकडे तोंड केलेला मेंढपाळ

मुलुंड, १० डिसेंबर

ती. अक्कास,
अनंतचा सप्रेम सलाम. वि. वि.

मी फोन घेत नाही म्हणून तू रागावलीस, असं इरावती सांगते. बायको आहे, निरोप पोचवते, वर तिखटमीठ लावते. फोनवर बोलण्यासारखं जगात काही उरलेलं नाही. पत्र बरं.

यंदा नाताळच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचणार नाही, हे पाळकसाहेबांना कळवून टाकलं. इतकी वर्षं वाचला, पुष्कळ झालं. वाचायचं कोणापुढे? अर्धी मंडळी नव्या साड्या बघते, उरलेली केकचा वास घेते. चर्चला इतक्या माळा लावल्यात की तारणारा जन्मलाय की कपड्यांचा सेल लागलाय, कळू नये. पाठ आता आमच्या मंडळीतला राजाराम वाचणार. वीजबिलामागच्या सूचना वाचाव्यात तसं तो बायबल वाचतो. ते ऐकून मेंढपाळ परत रानात निघून जातील.

आपल्या शाळेत कवितेच्या तासाला सगळा वर्ग चालीवर डोलायचा, आठवतं? खिडकीबाहेरची चिंचसुद्धा ऐकतेय असं वाटायचं. ते कान गेले आता.

घरी गव्हाणीचा देखावा मांडला. दादांनी आणलेली मातीची चित्रं अजून टिकून आहेत. अर्धा चेहरा उडालेला मेंढपाळ नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. ते ध्यान कोणाला दाखवायचं?

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायची घाई नाही.
तुझा,
अनंत

---

बोरिवली, १५ डिसेंबर

चि. अनंतास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

माळांना नावं ठेवलीस, राजारामला ठेवलीस, बिचाऱ्या मंडळीला ठेवलीस. स्वतःच्या तोंडाचं तेवढं लिहायला विसरलास. इरावतीने मला सगळं सांगितलंय. ऑक्टोबरात एका सकाळी तुझा अर्धा चेहरा लुळा पडला. डोळा मिटत नाही, चहा ओठांतून गळतो, प-फ-ब फुसकन निसटतात. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. तेव्हापासून तू खिडकीचा पडदासुद्धा सरकवत नाहीस.

लहानपणापासून असाच आहेस रे. कविता म्हणताना तुझी ओळ चुकली की उरलेला वर्ग मूर्ख ठरायचा. आता तुला 'बेथलेहेम' नीट म्हणता येत नाही, म्हणून अख्खी मंडळी नालायक? मेंढपाळांना काय तोंड बघून बोलावलं होतं? ज्याने तुला आईच्या पोटात घडवलं, त्याच्यापासून पडदा ओढून काय लपवतोस?

वाच नाहीतर नको वाचूस, पण हा तोरा मला दाखवू नकोस. गुडघे चालते असते तर मुलुंडला येऊन कान धरला असता.

लोभ राहू दे म्हणतोस. तो काय तुला विचारून राहतो?
तुझी,
उत्तराक्का

---

मुलुंड, २६ डिसेंबर

ती. अक्कास,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र उशीखाली कोंबलं होतं, उत्तर द्यायचंच नाही म्हणून. नाताळच्या सकाळी उठून बघतो तर मेंढपाळ फिरलेला. फुटकं तोंड थेट बाळाकडे. इरावतीला विचारलं, हा आगाऊपणा कोणाचा. करंज्यांच्या ताटावर रुमाल टाकत ती म्हणाली, माझाच. तो एवढ्या लांबून बाळाला बघायला आला आणि तुम्ही दर वर्षी त्याला भिंत दाखवता. बाळालाही नुसती त्याची पाठ.

अक्का, मी तिथेच बसलो. हा देखावा मी पाहुण्यांसाठी मांडतो असंच आजवर धरून चाललो होतो. त्या बोटभर बाळाचे डोळे उघडे रंगवलेत, हे कधी धड पाहिलंच नव्हतं. ते त्या फुटक्या तोंडावर लागले होते आणि त्यांत किळस नव्हती. किळस माझी मलाच होती. देवाने हे तोंड माझ्याआधी पाहिलंय. त्यामागची तुसडी जीभही पाहिली, सगळ्यांना तुच्छ लेखून मी स्वतःला ज्या उंच फळीवर ठेवतो ती फळीही. पाहूनसुद्धा तो गवतात येऊन पडला. मग मी लपतोय कोणापासून? राजारामपासून?

गेलो. राजारामकडून परत मागून घेऊन पाठ वाचला. बेथलेहेमचा ब हवेत गेला, लाळ पानावर सांडली. मंडळी जरा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग पुन्हा केकच्या वासाला लागली. एवढीच त्यांची नजर, आणि तिला मी इतके दिवस भ्यालो. राजाराम मात्र बाहेर माझा हात धरून रडला. कविता त्याला या जन्मी कळायची नाही, पण माणूस वाईट नाही.

रविवारी फोन करतो. अर्धे शब्द सांडतील, ते वेचून घे. तुला अक्का म्हणतो ते बरं. त्याला ओठ मिटावे लागत नाहीत.

तुझा,
अनंत