टाकी कुणाच्या उंचीची?

प्रिय आप्पा,

उद्या अकरा वाजता संभाजीनगरच्या दुकानातून फोन येणार आहे आणि मला हो किंवा नाही सांगायचं आहे. प्रवाळांची नवी टाकी तयार घ्यायची की बांधून घ्यायची, एवढाच प्रश्न. चार दिवस निर्णय होत नव्हता. घरात या विषयावर बोलावं असं माणूस एकच होतं आणि ते आठ महिन्यांपूर्वी गेलं. मग सांगू कुणाला? तुम्हालाच लिहायला बसले.

तुमचा मुलगा परवा सवयीनं म्हणून गेला, "तू आणि आप्पा मिळून ठरवा." मग उगीच चपला शोधायला लागला. मिलिंद तुमच्यासारखाच आहे हो, वाईट वाटलं की हाताला काम शोधतो.

जुनी टाकी आता पुरत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. दोन प्रवाळ वाढत वाढत एकमेकांपर्यंत पोचलेत. प्रवाळ दिसायला फुलासारखे असले तरी शेजाऱ्याला डंख मारतात. एकाची कड पांढरी पडायला लागली आहे. मी त्यांना रोज थोडं थोडं लांब सरकवते, पण आता सरकवायला जागाच उरली नाही. महिनाभरात मोठी टाकी झाली नाही तर त्यातला एक जाणार, आणि तो बहुधा तुमचा हिरवा जाणार.

आठवतं ना, ही टाकी मी पहिल्यांदा घरी आणली तेव्हा सगळे कसे हसले होते? लोखंड आणि बियाण्याच्या गावात समुद्र! नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येणार आणि मॅडम मासे पाळणार! आई तर तोंडावर म्हणाल्या होत्या, "माणसाला पाणी न्हाई अन् मासोळ्यांना समुद्र." मी मुलांना जीवशास्त्र शिकवते, कॉलेजात असताना सहलीला कोकणात जाऊन खडकातल्या डबक्यांपाशी तासभर बसले होते, तेव्हापासून मनात होतं, वगैरे कारणं मी देत राहिले. कुणी ऐकेना.

तुम्ही मात्र हसला नाहीत. तुम्ही विचारलंत, समुद्राचं पाणी जालन्यात आणायचं कसं. मी म्हटलं, आणायचं नसतं, शुद्ध केलेल्या पाण्यात खास मीठ मोजून कालवायचं. तुम्ही उभ्या जन्मात समुद्र बघितला नव्हता. भोकरदनजवळच्या गावातून निघून तुम्ही एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमध्ये पोचलात ते तिथंच निवृत्त झालात. तरी इतक्या सहज म्हणालात, "मंग आपन बनवू." त्या एका 'आपन'वर मी चार वर्षं काढली, आप्पा.

आणि पाण्यावरून आईंची तक्रार कशी मिटवलीत! पाणी शुद्ध करताना जे वाया जातं ते सगळं बादलीत धरून तुम्ही भांड्यांना आणि फरशीला पुरवलंत. आठवड्यात आईंची बोलणी बंद झाली. मला हे सुचलं नव्हतं, आणि पर्यावरणाचा धडा दरवर्षी मीच शिकवते!

आता त्या पितळेबद्दल लिहिते. टाळणार होते, पण टाळून पत्र खरं होणार नाही.

पाणी फिरवणाऱ्या नळीचा प्लास्टिकचा सांधा ठिबकत होता. मी शाळेत गेले होते. तुम्ही तुमच्या जुन्या पेटीतून पितळेचा सांधा काढला, घासून लख्ख केला आणि असा बसवलात की थेंब पडला तर शपथ. मला अभिमानानं दाखवलात. "प्लास्टिकवर माझा भरवसा न्हाई," म्हणालात. आयुष्यभर फिटरचं काम केलेला माणूस दुसरं काय करणार? मीही बघितलं आणि छान म्हटलं. पितळेत तांबं असतं, तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं आणि गोगलगायी, कोळंब्या, प्रवाळ यांना ते विष आहे, हे मला माहीत असायला हवं होतं. वर्गात विचारलं असतं तर मी सांगितलंही असतं.

आठवड्यात गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. कोळंबी उलटी झाली. प्रवाळ मिटले ते उघडेनात. आणि त्याच रविवारी माझ्या शाळेतल्या चार बाया टाकी बघायला आल्या. त्यांच्यासमोर मी तुम्हाला म्हणाले, "आप्पा, ही रोलिंग मिल नाही. इथं तुमचं काम नाही."

तुम्ही एवढंच म्हणालात, "बराबर हाय."

रागावला असतात तर बरं झालं असतं! तुम्ही सांधा काढलात, तो खिशात घातलात आणि चहाच्या टपरीवर मिलमधल्या तुमच्या दोस्तांना दाखवत फिरलात. 'माझ्यामुळं सुनेचे जीव मेले, कुणी टाकी केली तर पितळ घालू नका,' असं जो भेटेल त्याला सांगितलंत. चूक लपवणारी माणसं मी रोज बघते, स्टाफरूम भरलेली आहे. स्वतःची चूक हातात घेऊन गावभर हिंडणारे मी तुम्ही एकटेच बघितले.

आणि मग शिकायला बसलात. माझ्या मोबाइलवरचं इंग्रजी मी वाचून मराठीत सांगायचे, तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि मध्येच असा प्रश्न विचारायचात की मला परत वाचावं लागायचं. पाण्याची तपासणी तर तुम्ही माझ्याकडून काढूनच घेतलीत. नळीतल्या पाण्याचा रंग कागदावरच्या रंगांशी जुळवून नायट्रेटचा आकडा काढायचा; तो रंग मला कधी नीट जुळला नाही. तुम्ही मिलमध्ये तापल्या लोखंडाचा रंग बघून ते रुळाखाली घालायला तयार आहे की नाही हे सांगायचात. तुम्हाला दोन गुलाबी छटांमधला फरक म्हणजे काय अवघड होतं! नळी खिडकीपाशी धरून म्हणायचात, "पाच न्हाई. साडेचार धर." आणि साडेचारच असायचं. वर्षभरात मिटलेली टाकी परत उघडली ती तुमच्या नजरेवर.

पण एक गोष्ट बदलली ती बदललीच. त्या रविवारनंतर टाकीत हात घालण्याआधी तुम्ही मला विचारायला लागलात. "घालू का हात?" तीन वर्षं, रोज. आणि मी रोज 'घाला' म्हणायचे, जशी काही हेडमास्तरीणच. 'आप्पा, विचारू नका' हे वाक्य मला एकदाही बोलता आलं नाही. का आलं नाही? त्या दिवशी चार बायांसमोर किती भराभर बोलता आलं होतं!

तर गेल्या रविवारी मी दुकानात जाऊन आले. तयार टाकी सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. साडेतीन फूट लांब, काचेच्या कडा हिऱ्यासारख्या घासलेल्या, एक नळी बाहेर दिसत नाही. खाली छातीएवढं कपाट, त्यात पाणी गाळणारी टाकी, ज्याला ते सम्प म्हणतात. दिवा वर, मोटर आत, सगळं एकमेकांना बेतलेलं. दुकानदार भला माणूस. म्हणाला, मॅडम, बांधून घेतलेल्या टाकीत प्रत्येक सांधा म्हणजे एक शंका असते, इथं शंका नाही, बिघडलं तर आम्ही आहोत.

मला ते पटलं. शिवाय दवाखान्यात तुम्हीच म्हणाला होतात ना? नाकात नळी, आणि तुम्हाला टाकीची काळजी. "रेडीमेडच घे पोरी. गळली तर कोन बघंल?" मी मान हलवली होती.

तरी परतीच्या बसमध्ये मन खात राहिलं. तुम्हाला एक टाकी स्वतःच्या हातानं बांधायची होती, हे मला ठाऊक होतं. मी ती बांधू दिली नाही. आता जुन्या मोंढ्याकडच्या सलीमभाईंकडून काच कापून घेऊन बांधली, तर ती तुमच्यासाठी होईल की माझ्या मनाच्या समाधानासाठी? प्रायश्चित्त म्हणून बांधलेल्या टाकीत मासे का ठेवावेत? त्यांचा काय संबंध? असला विचार मी करत बसले, आणि मला माझाच राग आला.

काल संध्याकाळी मी आईंना सहज विचारलं, तुम्हाला कशी टाकी आवडेल? त्या नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून खाली गोधडीवर मेथी निवडत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मला काय इचारती? मला इथून नुसता उजेड दिसतो."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि वर बघितलं. आप्पा, खरंच नुसता उजेड दिसतो! शोकेसची फळी, तिच्यावर टाकीच्या बुडाची काळी पट्टी आणि छतावर हलणारं निळं. मासा एकही नाही. प्रवाळ तर नाहीच. चार वर्षं त्या तिथं बसतात. खुर्चीत त्यांचे पाय लोंबकळतात, उठून बघायचं तर गुडघे दुखतात. आपल्या घरातल्या समुद्राचा त्यांना फक्त दिवा दिसत होता, आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला उभं करून मासे दाखवत होते.

तेव्हा मला तुमचं ते आखणं आठवलं. गेल्या हिवाळ्यात तुम्ही खडूनं फरशीवर नवी टाकी काढून दाखवली होतीत. स्टँड जेमतेम फूटभर उंच. त्याच्या खाली सम्प मावणार नाही म्हणून तो भिंतीपलीकडं बोळात, आणि भिंतीतून नळी. मी हसले होते. म्हणाले, "आप्पा, ही काय गुरांची गव्हाण आहे? आलेली माणसं वाकून बघणार का?" तुम्ही परत तेच म्हणालात, बराबर हाय. आणि पायानं खडू पुसून टाकलात.

तुम्ही का नाही सांगितलंत? एक शब्द! 'तुझ्या सासूला दिसत न्हाई' एवढंच म्हणायचं होतं. मी काय नाही म्हटलं असतं?

हे मी तुम्हाला विचारण्याऐवजी काल आईंनाच विचारलं. त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. म्हणाल्या, "मी त्यांना कवाच म्हन्ले न्हवते. ते माझ्याजवळ चहा घ्यायला बसायचे, तवा त्यांना कळलं. मीच म्हन्ले, पोरीला सांगू नका. सांगितलं तर ती करंल, पन मंग ती तिची टाकी राहनार न्हाई."

म्हणजे तुम्ही दोघं माझ्यासाठी गप्प बसलात, आणि मी समजत होते की टाकीतलं या घरात फक्त मला कळतं!

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मिलमधली माणसं आली होती. त्यातल्या एकानं सांगितलं की कुठलाही कॉक बसवायच्या आधी तुम्ही तो फिरवणाऱ्या कामगाराला तिथं उभं करायचात, त्याचा हात कुठं पोचतो ते बघायचात आणि मगच भोक पाडायचात. साहेब नकाशा दाखवायचे, तरी तुम्ही माणूस उभा करायचात. तेव्हा मी ते ऐकून डोळे पुसले आणि विसरून गेले. काल संध्याकाळी मला ते नीट समजलं. दुकानातली टाकी उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाच्या उंचीची आहे. तिच्यात वाईट काही नाही. ती आपल्या घरात खाली बसलेल्या माणसाच्या उंचीची नाही, इतकंच.

म्हणून उद्या फोन आला की मी नाही म्हणणार आहे. तुमचं दवाखान्यातलं बोलणं मोडते आहे, रागवा हवं तर. सलीमभाईंना आज दुपारी भेटून आले. भिंतीतून नळी न्यायची म्हटल्यावर त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग तुमचं नाव ऐकून पेन्सिल मागितली. काचेची जाडी त्यांनी माझ्या अंदाजापेक्षा एक पायरी वाढवली. सांधे सगळे प्लास्टिकचेच. टाकी आठ दिवस साध्या पाण्यानं भरून ठेवायची, खाली वर्तमानपत्र अंथरायचं, कागद कोरडा राहिला तरच घरात आणायची. गळली तर? गळेल कदाचित. तेव्हा मी बघेन. काचा जोडणारं सिलिकॉन कसं ओढायचं ते सलीमभाई शिकवणार आहेत.

उंचीचं माप तेवढं मीच घेतलं, तासाभरापूर्वी. आईंना म्हटलं, तुमच्या डोळ्यांपासून जमिनीपर्यंत टेप लावायची आहे. त्या बिचकल्या. मग पदर सारखा करून विचारलं, "ताठ बसू, का नेहमीसारखी?"

"नेहमीसारख्या बसा," मी म्हटलं.

साडेसव्वीस इंच भरले. मग आईंनी टेप माझ्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, तू पन बस, तुझं बी घेऊ. टाकी तुझी हाय. मी त्यांच्या शेजारी मांडी घातली. माझे अठ्ठावीस भरले.

सलीमभाईंना फोन करून मी साडेसव्वीस सांगितले आहेत. मधला फरक दीड इंचाचा आहे, आप्पा. तुम्हाला शब्द देते, तेवढी मी रोज वाकेन.

जयभीम.

तुमची सून,
वैशाली