आट्यांची बॉडी, खाचांची लेन्स

३ मार्च, रविवार
मामांचा फिल्मचा कॅमेरा आजपासून माझा. मामी म्हणाली, कपाट रिकामं करायचंय, नेतोस तर ने. काळा, विटेएवढा जड. लेन्सच्या आत जरा बुरशी आहे. किरकोळ गोष्ट.
संकल्प: यापुढे मोबाईलवर फोटो काढायचा नाही. मोबाईलवर फोटो निघतात, काढावे लागत नाहीत. (वाक्य चांगलं जमलंय. कुठेतरी वापरावं.)

५ मार्च
ताईचा फोन. १५ एप्रिलला ती मुलाकडे परदेशी जातेय, कायमची. १४ला, रविवारी, आम्ही चौघा भावंडांनी आईकडे जमायचं. एकत्र येऊन अकरा वर्षं झाली. आई ब्याऐंशीची. पुन्हा कधी, देव जाणे. मी म्हणालो, चौघांचा आईबरोबर फोटो मी काढणार, फिल्मवर. ताई म्हणाली, नक्की ना? हा प्रश्न अनावश्यक होता.

८ मार्च
कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात. जिन्याखालची खोली, डोळ्याला भिंग लावलेले म्हातारे गृहस्थ. म्हणाले, लेन्स चांगली आहे, आठ दिवस ठेवून जा, बुरशी साफ करून देतो. मी म्हणालो, मला याहून मोठी लेन्स घ्यायचीय. त्यावर म्हणाले, घ्या, पण तुमच्या बॉडीला आटे आहेत. फिरवून बसणारी, आट्यांचीच लेन्स घ्या, खाचांची बसणार नाही. मग म्हणाले, पण मुळात ही उठाठेव कशाला?
यांचं नाव नकारघंटा ठेवलं आहे. जुनी लेन्स अर्थातच ठेवली नाही.

१६ मार्च
ऑनलाइन मागवलेली लेन्स आली. जुनीच, पण काय रुबाब. पुढची काच जांभळी चमकते.
रात्री ८. बसत नाही. खाचांची आहे. तसं जाहिरातीत लिहिलं होतं, पण बारीक अक्षरात. अर्धा तास जोर लावला. ही म्हणाली, अहो, लोणच्याची बरणी नाही ती. हिला यातलं काय कळतं.

२३ मार्च
जगात प्रत्येक अडचणीवर एक रिंग असते. एका बाजूला आटे, दुसऱ्या बाजूला खाचा. तिला अडॅप्टर म्हणतात. आज आली. लेन्स बसली, खट्ट आवाज करून. टेबलावरच्या साखरेच्या डब्यात नेम धरला, तर दाणा न् दाणा मोजून घ्यावा. नकारघंटेला दाखवून यावं का? नको. वय झालंय त्यांचं, मनाला लागेल.

२४ मार्च
गॅलरीतून रस्ता पाहिला. समोरची इमारत साबणाच्या पाण्यात बुडाल्यासारखी. हवेत धूळ फार झालीय.

२७ मार्च
काल रात्री वारा सुटला, हवा लख्ख आहे. इमारत अजून साबणातच. म्हणजे डोळे. त्रेपन्नाव्या वर्षी नंबर वाढायचाच.

३० मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नंबर आहे तोच आहे. नेमका त्रास काय, असं विचारलं. मी म्हणालो, कॅमेऱ्यातून धूसर दिसतं. आणि कॅमेऱ्याशिवाय? मी म्हणालो, स्वच्छ. त्यांनी पेन खाली ठेवलं.
तरी मी हट्टानं नवीन चष्मा करायला टाकला.

४ एप्रिल
नवीन चष्मा. धूसर. मुलगी म्हणाली, बाबा, गडबड त्या रिंगेची असेल, ती काढून बघा. रिंग काढली तर लेन्स बसेल कशी? कॉलेजात हल्ली शिकवतात तरी काय?

६ एप्रिल
त्या बाजूला काम होतं म्हणून सहज नकारघंटेकडे डोकावलो. (काम नव्हतं.) त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि लगेच खाली ठेवला. म्हणाले, लेन्स आणि फिल्म यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं. रिंगेनं तुमची लेन्स पुढे सरकली. आता हातभर लांबचं तेवढं स्पष्ट दिसेल, त्यापलीकडचं नाही. मी विचारलं, आणि ग्रुप फोटो? म्हणाले, मुंग्यांचा असेल तर फर्स्टक्लास.
वर म्हणाले, जुनी लेन्स आजच आणून द्या, आठ दिवस लागतील. आजपासून आठवा दिवस म्हणजे १४, रविवार, दुकान बंद. थोडक्यात, त्यांना मदत करायचीच नाही.

७ एप्रिल
जुनी लेन्स घरीच साफ करतोय. उघडणं अगदी सोपं आहे. लोक उगाच बाऊ करतात.

८ एप्रिल
जुनी लेन्स वाटीत आहे. वाटीत तीन स्क्रू आणि एक स्प्रिंग जास्त आहे.

१० एप्रिल
विचारांती निर्णय: नवीन लेन्सच वापरायची. थोडा धूसरपणा चेहऱ्यांना मऊपणा देतो. घरच्या ग्रुपवर सूचना टाकली की १४ला कुणीही मोबाईल बाहेर काढू नये, एकाग्रता भंगते. ताईनं अंगठा पाठवला.

१४ एप्रिल
आईच्या घरामागचं अंगण. ऊन उत्तम. आई खुर्चीत, मागे दादा, ताई, धाकटा. कॅमेऱ्यातून पाहिलं तर चार डाग. एक पाऊल पुढे गेलो. अजून एक. सगळ्यांना हलू नका म्हणून सांगितलं आणि सरकत राहिलो. शेवटी दादाच्या शर्टाचं तिसरं बटण अप्रतिम स्पष्ट दिसलं, दोरासुद्धा. दादा म्हणाला, फोटो काढतोयस की कपडे शिवायला घेतोयस?
सगळे हसले. धाकटा खालीच बसला. आई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ताईही हसत होती, मग हसता हसताच रडायला लागली.
बटणाचा एक काढून मागे गेलो, अंदाजानं उरलेले काढले. शेवटचे सहा टायमर लावून, धावत जाऊन मीही उभा. रोलमधल्या छत्तीस फोटोंत एक तरी साधेलच.

२२ एप्रिल
फिल्म धुऊन आली. लॅबवाल्यानं विचारलं, धुकं होतं का? दादाचं बटण सुरेख आलंय. बाकी पस्तीस फोटोंत कोण कुठे, हे मलासुद्धा सांगता येत नाही. ताईचे दोन मेसेज. उत्तर दिलं, प्रोसेसिंग चालू आहे.

२४ एप्रिल
ताईचा तिसरा मेसेज. आईचा तेवढा पाठव, म्हणते.
जेवताना हिला खरं सांगितलं. फोटो नाहीत. एकही नाही. ही हात धुऊन मोबाईल घेऊन आली. बटणाच्या वेळी, म्हणाली, स्वयंपाकघराच्या दारातून एक काढला होता. तुम्हाला राग येईल म्हणून दाखवला नाही.
आई, ताई, दादा, धाकटा, सगळे हसताहेत. ताईचा हात आईच्या खांद्यावर. मध्ये मी, वाकलेला, पाठमोरा. टक्कल अगदी स्पष्ट.
रागवायचं होतं. फोटो मोठा करून बघत बसलो. मग ताईला पाठवला.

२८ एप्रिल, रविवार
आईकडे गेलो. फोटो फ्रेम करून भिंतीवर लागलाय. ताईनंही तिकडे लावलाय म्हणे. मी आईला सांगितलं, मोबाईलचा आहे, पण मांडणी माझी. आई बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, सुरेख आलाय रे. तू जरा बाजूला सरकला असतास तर अजून छान आला असता.
मी बरं म्हणालो आणि चहा प्यायलो. सरकलो असतो तर कुणी हसलंच नसतं, हे उत्तर घरी पोचल्यावर सुचलं.