पणजोबा वारल्याची बातमी

कामी-तोबेत्सु, तोकाची
(पहिली गवतकापणी उरकली त्याच्या दुसऱ्या दिवशी)

तीर्थरूप ताईस,

एइकिचीचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आणि भावोजींच्या खोकल्याची ढास आता कशी आहे? इथे गाई ठीक, छप्पर ठीक, मी ठीक नाही. डावा गुडघा वळत नाही आणि त्याला जबाबदार तू आहेस. कसं ते सांगतो, चहा घेऊन बस. मला थोडक्यात सांगता येत नाही. (सुमिए होती तेव्हा मधूनच "बरं, पुढे?" म्हणायची. आता कोणी म्हणत नाही, म्हणून गोष्टी फार लांबतात.)

गावात पहिल्या वसाहतकऱ्यांच्या नावाचा दगड उभा करायचं ठरलं आणि प्रत्येक घराकडून आपापल्या मूळपुरुषाबद्दल तीन ओळी मागवल्या. लगेच साप्पोरोहून तुझा हुकूम आला की कुमेजिरो पणजोबांचं सगळं नीट शोधून काढ, आणि अस्वल विसरू नकोस. पणजोबांनी कुऱ्हाडीने मारलेलं ते अस्वल तू लग्न झाल्यापासून सासरी सर्वांना ऐकवत आली आहेस, आणि दगडाच्या समारंभाला ते सगळे येणार. म्हणजे मला सुटका नव्हतीच.

आधी ओबिहिरोच्या वृद्धाश्रमात इने आत्याकडे गेलो. पणजोबांना पाहिलेलं एवढं एकच माणूस शिल्लक आहे. आत्याचे दात गेले, जीभ शाबूत आहे. अस्वलाचं विचारलं तर ती इतकी हसली की नर्स धावत आली.

"मारलं? अरे, आजोबा झाडावर होते आणि कुऱ्हाड खाली! अस्वलाने पिंपातलं मुळ्याचं लोणचं संपवलं नि गेलं आपल्या वाटेने. आजोबा मात्र दुपार टळली तरी उतरेनात."

मग म्हणाली, बाकीचं तोयामाला जाऊन विचार, तिथे आपलं थोरलं घर आहे.

गाई शेजाऱ्याच्या गळ्यात मारल्या आणि गाड्या बदलत बदलत, पाठीचा भुगा करून घेत तोयामाला पोचलो. थोरल्या घरात आता शिझुए वहिनी एकट्याच असतात (आपल्या लांबच्या चुलतभावाची बायको, तो जाऊन बरीच वर्षं झाली). दारात पातीचा कांदा निवडत होत्या. मी बिस्किटांचा डबा पुढे करून म्हटलं, मी होक्काइदोहून आलोय, कुमेजिरोंचा पणतू. वहिनींनी माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि ते कुठे आहेत?"

मला थट्टा वाटली. थट्टा नव्हती, ताई. निघताना पणजोबा आईला सांगून गेले होते, तीन वर्षांत जमीन करतो नि परत येतो. त्यानंतर अक्षर नाही. मेल्याचं कळलं नाही म्हणून पितरांत नाव घातलं नाही, आणि दर नववर्षाला त्यांच्या नावाचं एक पान वाढत राहिले. सासूने सुनेला सांगायचं, तिने तिच्या सुनेला. "नवऱ्याला वाढलं नसेल इतकं मी त्या माणसाला वाढलंय," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याकडे लिहिता येणारं कोणी नव्हतं का हो?"

मी आत्याला फोन लावला. पणजोबांना खरंच लिहिता येत नव्हतं. शेजाऱ्याकडून लिहून घ्यायची लाज वाटायची, म्हणून दरवर्षी म्हणायचे, यंदा पीक चांगलं आलं की स्वतःच जाऊन येतो.

मग मला सांगावं लागलं. "वहिनी, ते वारले. युद्धाच्या आधीच."

वहिनींनी तोंडाला पदर… म्हणजे एप्रन लावला आणि खरंच रडल्या. पण बाई कामाची. डोळे पुसून त्यांनी दोन-चार फोन केले, आणि तासाभरात अख्खी आळी काळ्या कपड्यांत हजर! भिक्षूही आले. मला वहिनींच्या नवऱ्याचा काळा सूट चढवला (बाह्या कोपराशी) आणि कर्ता म्हणून सर्वांत पुढे गुडघ्यांवर बसवलं. सूत्रं संपता संपेनात. गुडघा गेला तो तिथे. एक म्हातारबाबा माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाले, "अचानकच झालं का?"

काय सांगणार? म्हटलं, "हो. अचानकच."

आणि मला रडू फुटलं. (सुमिएच्या अंत्यविधीला मी नवरा असून चपला मोजत, चहा सांगत फिरत होतो. तू रागावली होतीस. ते रडणं हे असं, परक्याच्या सुटात निघालं.) वहिनींनी पणजोबांचं शेवटचं पान माझ्यापुढे ठेवलं नि म्हणाल्या, "जेवा. कोणीतरी संपवायला हवं."

दगडासाठी दिलेल्या तीन ओळी अशा: "कुमेजिरो तोत्सुका. तोयामाहून आले. अस्वल पाहिलं." तुझ्या सासरच्यांनी हवा तो अर्थ काढावा.

मी थकलोय, ताई. आता पूर्वज नकोत, मला गाईंजवळ राहू दे.

तुझा आज्ञेतला धाकटा भाऊ,
एइकिची

ता. क. – आईकडची माणसं गिफूहून आली होती, त्यांचं कोणीच काही शोधलेलं नाही. केवळ माहितीसाठी कळवतो. तू हुकूमच केलास तर मला नाही म्हणता येणार नाही. फोन संध्याकाळी कर आणि मोठ्याने बोल. तेव्हा शेजारी इथे असतो; गाई पुन्हा त्याच्याच गळ्यात मारायच्या, तर त्यालाही हुकूम ऐकू जायला हवा.

आणखी एक – गिफूला जाताना वहिनींचं तोयामा वाटेत लागतं. भावोजी केसांना कोणता कलप लावतात तेवढं विचारून कळव. शेजाऱ्याला हवाय.