तवलीच्या बुडावरचं नाव

६ जून १९९६, गुरुवार

चेटकिणीला मारायचं ठरलं. मी नाही ठरवलं – राममूर्तीनं. मद्रासहून फोन: "सुप्रभाम्मा, केबल आल्यापासून वाचक पळतायत. शेवटच्या भागात रक्त पाहिजे." साप्ताहिकाचा संपादक. रक्त दुसऱ्याचं असलं की त्याची हरकत नसते.

माझी तमिळ मायावी कादंबरी तिथे दर गुरुवारी येते. राक्षस, उडते घोडे, शापित तळी. वाचकांना वेड मात्र नावांचं. आज एका निवृत्त प्राध्यापकांचं पाच पानी पत्र – राजा कंटाळवर्मन हे नाव कांदळ फुलावरून, कांदळ हे मुरुगन देवाचं फूल, म्हणून राजा मुरुगनचा अंश! त्यांना कसं सांगू, की पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या घरच्या मराठीत कंटाळा म्हणजे कंटाळाच, आणि तो राजा म्हणजे जेवून आरामखुर्चीत जांभया देणारा माझा नवरा, भीमसेन? डांगरासुराला कोणी चोळांचा सेनापती ठरवलाय. बिचारं उडदाचं पीठ, ताकात कालवलेलं.

ही वही मी कधी लपवत नाही. नवरा स्तोत्रंसुद्धा तमिळ लिपीत वाचतो. मुलीला, सौम्याला, मराठी कळतं, धड बोलता येत नाही, वाचणं तर दूरच. बाबांनी हट्टानं बाळबोध शिकवली ती अशी कामी आली. या घरात देवनागरीइतकं पक्कं कुलूप नाही.

९ जून

चेटकीण मुक्तांबा. स्वभाव सरळ सासूबाईंचा उचलला – भिंतीपलीकडचं ऐकते, मिठाची बरणी उशाशी ठेवते, कोण बाहेर काय खाऊन आलं ते वासावरून सांगते. पोरं उकळून खाणं तेवढं माझ्या पदरचं.

नाव स्वयंपाकघरातलं. जुनी पितळी तवली घासून पालथी घातली होती, तिच्या बुडावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. कुठल्या तरी लग्नात अदलाबदल होऊन आलेली असणार. आमच्याकडच्या निम्म्या भांड्यांवर दुसऱ्यांची नावं आहेत, आणि आमची भांडी कुंभकोणमपर्यंत दुसऱ्यांच्या चुलींवर चढतात. नाव मात्र झकास. जंगलात राहणाऱ्या बाईला शोभेल असं.

१३ जून, गुरुवार

अंक आला. सौम्या दर आठवड्याला आजीला वाचून दाखवते. पूर्वी सासूबाई दुसऱ्या परिच्छेदाला घोरायला लागत. मुक्तांबा आल्यापासून टक्क जाग्या. पान चघळायचंही थांबतात.

"अज्जी, पुढे वाचू की?"

"ती कुठे गेली ते वाच. राजाचं राहू दे."

म्हणजे ओळखलं त्यांनी स्वतःला. मिठाची बरणी मी घालायला नको होती.

१६ जून

पापनाशमहून त्यागराजमामा आले. सासूबाईंचे धाकटे भाऊ. बसमधून केळ्यांचा अख्खा घड मांडीवर घेऊन – कंडक्टरनं घडाचं वेगळं तिकीट मागितलं म्हणून अजून धुमसत होते. सासूबाई देवळात गेलेल्या. मामांनी अंक उचलला, चष्मा लावला, आणि एकदम माझ्याकडे बघायला लागले.

"अक्काचं नाव तुला कोणी सांगितलं गे?"

"कुठलं नाव? त्यांचं तर वेगळं आहे."

"चंद्रमती हे तुमच्या घरचं. इकडे यायच्या आधी ती मुक्तांबा. भांडी अप्पांनी आधीच कोरून घेतली होती. मग लग्नात तुमच्या लोकांनी ताटात तांदूळ पसरून त्यावर दुसरं लिहिलं. झालं. आम्हालाही म्हणायची सोय राहिली नाही. अक्का म्हणायचं नि गप्प बसायचं."

तो तांदूळ मीही पाहिला आहे, माझ्या लग्नात.

सासूचं नाव सुनेनं उच्चारायचं नाही, हा आमचा नियम. मी तर ते छापलं! आणि कोणाला दिलं – पोरं उकळणारीला. संध्याकाळी गल्लीत मुलं खेळत होती. "मुक्तांबा आली, पळा!" खिडकी लावून घेतली. उकडून जीव गेला.

१८ जून

राममूर्तीला फोन. म्हटलं, तिला शापमुक्त करून नाव बदलते. "काहीही करा, अम्मा. मरू दे फक्त."

मग सासूबाईंपुढे जाऊन बसले. त्या गच्चीच्या दारात सुंडक्काय, ती वाटाण्याएवढी कडू फळं, ताकात घोळून उन्हात पसरत होत्या. 

"आत्याबाई, ते गोष्टीतलं नाव... मला माहीत नव्हतं. तवलीवर होतं."

"ठाऊक आहे. त्यागू बोलला."

"बदलून टाकते."

"बदलू नको."

हात थांबला नाही. एकेक सुंडक्काय वेगळी करत होत्या.

"मुलं हाक मारतात गल्लीत. मी जिन्यावर उभी राहून ऐकते. माझी अम्मा गेल्यापासून कोणी मारली नव्हती."

"पण ती चेटकीण आहे. पोरं खाते."

"खाऊ दे की. चंद्रमतीनं जन्मभर उपास केले."

मला हसू आलं, आणि मीही मूठभर सुंडक्काय पसरायला घेतल्या.

"मारणार आहेस तिला?"

"संपादक म्हणतो."

"तो कोण लागतो तिचा?"

१९ जून

काही लिहिलं नाही. भीमसेनना सगळं सांगितलं. जांभई अर्धी सोडून म्हणाले, "अम्माचं नाव वेगळं होतं?" 

२४ जून

पाठवला शेवटचा भाग. रक्त नाही. सैन्य जंगलाला वेढा घालतं, कंटाळवर्मनला लढायचा कंटाळा येतो, तो पुढे होऊन तिला नावानं हाक मारतो. इतक्या वर्षांत तिला कोणी हाक मारलेली नसते, सगळे नाव ऐकून पळालेले. ती बाहेर येते. राजवाड्यात जाते आणि पहिल्या पंगतीला बसते. पुरुषांच्या आधी. वाढणारे राजपुत्र. दुसऱ्यांदा भात मागते.

राममूर्तीचा फोन: "अम्मा, हे काय? जेवण? शेवट जेवणावर?"

म्हटलं, आमच्याकडे सगळ्याच गोष्टींचा होतो.

"छपाईला वेळ नाही म्हणून घेतो. पण नवी मालिका दुसऱ्या कोणाला देतो. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटलं. खूपच. माझं दुसरं काय आहे या गावात? कॉलेजात मी पाणिनीचं ओझं वाहणारी संस्कृतची बाई, घरात सांबार. गुरुवारीच तेवढी मी कोणीतरी असते. असायची.

पण तिला मारू शकले नाही, हे खरं.

४ जुलै, गुरुवार

अंक आला. सौम्यानं वाचला. दुसऱ्या भाताशी सासूबाईंनी तिला थांबवलं, तेवढं पुन्हा वाचायला लावलं. मग तवली मागवली, मांडीवर पालथी घेतली, बुडावरून बोट फिरवत राहिल्या. सौम्या अभ्यासाला उठली.

मी अंक उचलला. शेवटच्या पानावर माझं नाव, नेहमीसारखं जाड ठशात – सुप्रभा. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"हे आमच्या ताटातल्या तांदळावरचं. तुझं काय होतं गे?"

या घरात मला हे कोणी विचारलं नव्हतं. राक्षसांना, घोड्यांना, तळ्यांनासुद्धा मी नावं वाटली. हे कोणाला दिलं नाही.

सांगितलं. त्यांनी हळूच दोनदा म्हणून पाहिलं, आमटीतलं मीठ बघावं तसं.

कमलाक्षी.